हेतूचा रकाना

शुक्रवारी जेवणानंतर तीन तास
कारखाना आमच्याकडे काही मागत नाही.
भोंगा होतो, पट्टे थांबतात,
इस्पितळातल्या खाटांची चाकं
खोक्यांत पडून राहतात, पाय वर करून.

"हवं ते करा," नव्या मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या
नोव्हेंबरात, तळं गोठायच्या आठवड्यात.
"फक्त काहीतरी नवं असू दे."
पहिल्या शुक्रवारी बऱ्याच जणांनी
खिडक्या पुसल्या.

मी सामानघरात.
दोरीला बांधलेलं पेन, चार रकान्यांची वही:
नाव, वस्तू, नग, हेतू.
आर्वोनं नेली तांब्याची तार. हेतू: बघू.
लेम्पीनं सात स्प्रिंगा. हेतू: कुत्र्यासाठी, माणसालाही चालेल.
व्हिएतनामहून आलेला फुंग
शब्द विचारून विचारून लिहायचा.
एकदा त्यानं नुसतंच लिहिलं, हेतू: थंडी.
मी खोडलं नाही.

टोर्स्टीनं मागितलं पीठ.
"पीठ? चाकांच्या कारखान्यात?"
"किलोभर. गव्हाचं, बारीक."
माझ्या कुठल्याच खणात पीठ नव्हतं,
कॅन्टीनमधून उसनं आणलं.
हेतूच्या रकान्यात त्यानं एक रेघ ओढली,
फारशी सरळ नव्हे.

मग हिवाळाभर तेच.
पत्र्यावर पीठ पसरायचं, हातानं सारखं करायचं,
त्यावरून एक चाक ढकलायचं
आणि चष्मा कपाळावर चढवून
नाक टेकेपर्यंत वाकून चाकोरी बघायची.
पोरं म्हणायची, म्हातारा पाव भाजणार.
तो पीठ पुन्हा सारखं करायचा.

फेब्रुवारीत एकदा, पीठ संपलं म्हणून आला,
तेव्हा काउंटरकडे बघत बोलला.
सायमी अकरा आठवडे कुओपिओच्या इस्पितळात होती.
रात्री औषधांची गाडी यायची.
तिचं मागचं डावं चाक,
कुणी दाढेखाली बर्फ फोडावा तसं.
दर वेळी ती डोळे उघडायची.
"मी खाली वाकून नंबर वाचला, हेल्वी.
आपलाच होता. माझ्या पाळीतला."

मी पीठ मोजून दिलं.
दुसरं काय देणार.

मार्चमध्ये बाईंनी कागद वाटले:
या वेळातून काय निष्पन्न झालं?
आर्वोची घंटा वाजते, पण ती कुणाला हवी, ते ठरत नाही.
लेम्पीच्या कुत्र्याला पट्टा आवडला, माणसाला टोचला.
टोर्स्टीनं लिहिलं: अजून एक केस हलतो.
सामानघराला कागद आलाच नाही.
बरोबरच आहे. सगळे मोकळे झाले
तर कुलूप कोण उघडणार?
हे मी रागानं म्हणत नाही.
थोडं रागानं म्हणते.

परवाच्या शुक्रवारी
टोर्स्टी फळी उचलून थेट आत आला,
बाह्यांना पीठ, भुवईलाही.
"ऊठ. आज मी बसतो."
"तुला खण माहीत नाहीत."
"विचारीन."

एकोणीस वर्षांत मी या बाजूला
कधी उभी राहिले नव्हते.
इथून काउंटर उंच वाटतो.
त्यानं वही फिरवून पुढे केली,
"नाव?" म्हणाला, अनोळखी माणसाला विचारावं तसं,
आणि मी नावही लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.

"वस्तू?"

अंधारातही सांगेन मी, चौदाव्या खणात वायसर,
बाविसाव्यात पितळी खिळे,
गंजलेले बिजागर सगळ्यात खाली,
टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले.
सगळं आठवलं एकदम.
त्यातलं मला काय हवंय,
ते मात्र कुठल्याच खणात सापडेना.
बाहेर तळ्यावरचा बर्फ आतून कण्हत होता,
एप्रिल आला की कण्हतो तसा.

"नग तरी सांग," टोर्स्टी म्हणाला.

"एक."

त्यानं लिहिला. कशाचा, ते विचारलं नाही.
पेन माझ्याकडे सरकवलं, चौथ्या रकान्यासाठी.
दोरी आखूड होती, हे मला तेव्हा कळलं.

मागे फुंग खोकला.
त्याच्याही मागे
तिघे उभे होते.